आगाऊ सत्कार

रेल्वेचा पूल उतरून उत्तरा कोपरीच्या बाजूला आली, तर भाजीवाल्या रंगूबाईने टोपलीमागूनच हात जोडले.

"बाय, आमाना इसरू नको गो, तकरं गेल्याव!"

"कुठे गेल्यावर?" उत्तराने विचारलं.

"त्या परमुलखान! तुजे बापानीच सांगतलान नं सकालचे पारी."

पुढे दवाखान्याच्या पायरीवरून कंपाउंडर हात हलवून "अभिनंदन हं, ताई" म्हणाला. शेजारच्या काकू तर दारातच उभ्या होत्या, त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कशाबद्दल, ते कोणीच सांगेना. जो तो असं हसत होता, जणू काय हिलाच सगळं ठाऊक आहे. घर येईपर्यंत तिची चाल दुप्पट झाली होती.

आता हे टिपणिसांचं घर म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. घरात माणसं दोन. विश्रामराव टिपणीस, कलेक्टर कचेरीतून पेन्शनीत निघालेले, आणि त्यांची एकुलती एक मुलगी उत्तरा. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. विश्रामरावांच्या पोटात तीळ भिजत नसे. जन्मभर सरकारी कागद या माणसाने कसे सांभाळले, देव जाणे. टपाल आलं की कोणाच्याही नावाचं असो, फोडायचं यांनीच, आणि पाकीट खाली ठेवायच्या आत बातमी ठाण्यात फिरलीच म्हणून समजा.

ओटीवर ते कोट घालून बसले होते. एप्रिलच्या उकाड्यात, घरात, कोट!

"आलीस? अगं, मिळाली!"

"काय मिळाली, अप्पा?"

"नोकरी! प्रोफेसरीण झालीस तू! आफ्रिकेत, इथिओपियात, तिथल्या राजाच्या कॉलेजात!"

उत्तराने पत्र त्यांच्या हातातून घेतलं, उभ्या उभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं. इंग्रजीच्या अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी आपला अर्ज पोचला, पुढच्या मंगळवारी मुंबईला मुलाखतीस यावे, एवढंच त्यात होतं.

"अप्पा, ही मुलाखत आहे. नोकरी नाही."

"तेच ते."

"तेच ते कसं होईल?"

"आमच्या कचेरीत ज्याला मुलाखतीला बोलावलं त्याला घेतलंच. उगाच कशाला बोलावतील? तेवढा वेळ कोणाला आहे?"

कचेरीत आधी माणूस ठरायचा आणि मग मुलाखत व्हायची, हे उत्तराला चांगलं माहीत होतं. पण बापाला हे सांगायचं कसं? तिने डोक्याला हात लावला.

हा अर्ज तिने कोणाला न सांगता केला होता, कारण नकार पचवायची सवय तिला झाली होती, पण नकारानंतरची लोकांची सहानुभूती तिला सोसत नसे. बत्तिसावं वर्ष लागलं होतं. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत ती मॅट्रिकला इंग्रजी शिकवायची. शाळा सांभाळून, पहाटे उठून बाहेरून एम. ए. झालेली, सेकंड क्लास. जीव होता तो कॉलेजात शिकवण्यात. मोठ्या वर्गापुढे उभं राहावं, हातात जाडजूड पुस्तक असावं, मुलांनी उलटे प्रश्न विचारावेत आणि आपण त्यांना पुरून उरावं, बस. पण एका कॉलेजाने विचारलं, बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेल का? दुसऱ्याने फर्स्ट क्लास मागितला. तिसऱ्याने "पुढल्या वर्षी बघू" म्हटलं, आणि ते पुढलं वर्ष काही उजाडेना. मग इंग्रजी पेपरात इथिओपियाची जाहिरात दिसली. नवं कॉलेज आहे, इंग्रजीला माणसं हवीत. उत्तराने नकाशात तो देश आधी शोधला आणि मग अर्ज टाकला.

संध्याकाळी हरिहर आला. हरिहर म्हणजे कोपरी मित्रमंडळाचा चिटणीस. मंडळाचा वार्षिक उत्सव त्याच रविवारी होता. मांडव सांगितलेला, हारतुरे सांगितलेले, पत्रिका वाटून झालेल्या, आणि ज्यांचा सत्कार करायचा त्या मुंबईच्या नाटकवाल्यांना नेमकी कावीळ झाली होती. हरिहराचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं. आज ते असं फुललं होतं की काही विचारू नका.

"उत्तराताई, देवच धावला बघा! सत्कार तुमचाच."

"हरिहरभाऊ, अहो मला नोकरी मिळालेली नाही. नुसतं मुलाखतीला बोलावलंय."

हरिहराने विश्रामरावांकडे पाहिलं. विश्रामरावांनी डोळे मिटून मान हलवली, म्हणजे बघा, आमची मुलगी ही अशी आहे.

"हेच ते!" हरिहर गहिवरून म्हणाला. "दुसरा कोणी असता तर छाती काढून फिरला असता. आणि तुम्ही म्हणता, मिळालेली नाही! हा विनय हल्ली कुठे बघायला मिळतो?"

"विनय नाही हो, खरं सांगतेय!"

"खरा विनय तो हाच, ताई."

आता अशा माणसापुढे काय बोलणार? उत्तराने पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलंच नाही, कपाळाला लावलं आणि परत दिलं. जाताना सांगून गेला की पाच मिनिटं बोलायची तयारी ठेवा, इंग्रजीत बोललात तरी चालेल.

रविवारी मांडव गच्च भरला. माजिवड्याकडून बैलगाडी करून माणसं आली होती. डोंबिवलीहून विश्रामरावांचे कचेरीतले जुने सोबती आले. कल्याण कँपातूनही तिच्या सिंधी विद्यार्थिनी आल्या, रतन आणि तिच्या मैत्रिणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींत निर्वासितांना आणून टाकलं, तेव्हापासून उत्तरा आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तिथे मुलींना इंग्रजी शिकवायला जायची. कोणी सांगितलं नव्हतं. "लष्कराच्या भाकऱ्या भाजते," म्हणून विश्रामराव कुरकुरायचे, आणि बाहेर तेच छाती फुगवून सांगायचे. तोंडावर मात्र त्यांनी मुलीला कधी "छान" म्हटलं नाही. मुलांचं तोंडावर कौतुक करायचं नसतं, दृष्ट लागते, अशी त्या घरातली रीत.

हरिहराने परिचय करून दिला. त्यात उत्तराला न मिळालेली पदवी होती आणि राजाचं खास निमंत्रण होतं. मग शाल आली, श्रीफळ आलं, आणि गळ्यात एवढा मोठा हार पडला की हनुवटी वर करून बोलावं लागलं.

तिने ठरवलं होतं, इथे सगळ्यांदेखत स्पष्ट सांगून टाकायचं. एकदाचा सोक्षमोक्ष.

"मंडळी," ती म्हणाली, "तुमची काहीतरी चूक होतेय. मला ही नोकरी मिळालेली नाही."

टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडून पडल्या.

"नाही, ऐका तरी! मला फक्त भेटायला बोलावलंय. माझ्याहून शिकलेली माणसं तिथे येणार. मला घेतीलच असं नाही. हा हार मी खरं म्हणजे घ्यायला नको होता."

आता तर पुढच्या रांगेतले म्हातारे डोळे पुसायला लागले. कोणीतरी मागून ओरडलं, "धन्य ते आईबाप!" विश्रामराव उठून चारी बाजूंना नमस्कार करू लागले. उत्तरा हात वर करून "अहो, अहो" म्हणत राहिली आणि लोक टाळ्या वाजवत राहिले. जितकं ती नाही म्हणाली तितकी ती थोर ठरत गेली. शेवटी ती खाली बसली. आभारप्रदर्शनात हरिहर म्हणाला, विद्या विनयाने कशी शोभते हे आज आपण पाहिलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. चार दिवस हसं झालं असतं, लोक विसरले असते. पण मांडवाच्या दाराशी मुख्याध्यापिका शुभदाबाई तिची वाट बघत उभ्या होत्या. बाई मोठ्या प्रेमळ आणि कामाला भलत्या चोख.

"उत्तरा, तुझी काळजी मिटवली गं! जूनपासून तुझे वर्ग कोणी घ्यायचे हा प्रश्नच होता. कल्याणची ती नीला आहे ना, बी. टी. झालेली, तिला काल कळवून टाकलं. ती हो म्हणाली. तिथली नोकरी सोडतेय बिचारी."

"बाई! पण मला अजून मिळालेली नाही हो!"

"पुरे आता," शुभदाबाई हसून म्हणाल्या. "माझ्यापाशीसुद्धा भाषण?"

उत्तरा मनाशी हिशेब करत घराकडे निघाली. मंगळवारी तिकडच्या लोकांनी नाही म्हटलं, तर इथली शाळाही गेली. नीलाने आपली नोकरी सोडलेली, तिला आता नको कोणत्या तोंडाने सांगायचं? बत्तिसाव्या वर्षी बापाच्या पेन्शनीवर बसायचं, आणि ज्या गल्लीने हार घातले त्याच गल्लीतून मान खाली घालून जायचं. घरी आल्यावर तिने शाल दोरीवर टाकली आणि अप्पांशी एक अक्षर बोलली नाही. आणि नवल म्हणजे, अप्पाही बोलले नाहीत.

मंगळवारी मुंबईला चर्चगेटजवळच्या एका हॉटेलात मुलाखती होत्या. बाहेरच्या खोलीत सुटाबुटातले पुरुष बसले होते, गळ्यात टाय, मांडीवर प्रशस्तिपत्रांचे जुडगे. बाई ती एकटीच. तिला सगळ्यांत शेवटी बोलावलं; मुलाखत झालेलेही निकालासाठी बाहेरच थांबले होते.

आत तिघेजण होते. मधोमध पांढऱ्या केसांचे इंग्रज प्रोफेसर वॉटकिन्स, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्या उजवीकडे इथिओपियाचे अतो, म्हणजे आपले श्रीयुत, तेसफाये, काळ्या सुटातले, शेलाटे, फार न बोलणारे. आणि डावीकडे आपले सरकारी शिक्षणखात्यातले नूलकर, यांना मदत म्हणून बसलेले. टेबलावर चहाचा सरंजाम होता. रस्त्यावरचा आवाज नको म्हणून खिडकी लावून घेतलेली, आणि पंखा आपला नावाला फिरत होता. प्रोफेसरांचा चेहरा उकाड्याने टोमॅटोसारखा लाल झाला होता.

सगळी बोलणी अर्थात इंग्रजीत. पहिला प्रश्न नूलकरांनी टाकला.

"तुम्ही शाळेत मुलींना शिकवता. तिथे वर्गात दाढीमिशांचे पुरुष असतील. सांभाळाल कशा?"

"मी प्रयत्न करीन, सर," उत्तरा म्हणाली.

नूलकरांनी मान डोलावली आणि समोरच्या कागदावर काहीतरी खरडलं. मग प्रोफेसरांनी तिचा अर्ज उचलला. त्यांच्या आवाजात कुचेष्टा मुळीच नव्हती, त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं.

"मिस टिपणीस, तुम्ही इथे लिहिलंय की तुमचं ज्ञान अल्प आहे, अनुभव सांगण्याजोगा नाही, आणि संधी दिली तर यथाशक्ती सेवा कराल. असं असेल, तर आम्ही तुम्हांला का घ्यावं?"

अर्ज असाच लिहायचा असतो! तिला तसंच शिकवलं होतं, तिने मुलींनाही तसंच शिकवलं होतं. आपण आपल्याला लहान म्हणायचं आणि समोरच्याने ते खोडून काढायचं, ही आपल्याकडची जुनी देवघेव. आणि या भल्या माणसाने ते अक्षर न् अक्षर खरं मानलं होतं.

तिच्या जिभेवर पुन्हा तेच आलं होतं. मी काय, मी साधी शिक्षिका. आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रविवारी खरं सांगितलं तर लोकांनी त्याचा विनय केला. आणि आज इथे विनय केला, तर हे लोक तो खरा धरतील. इथे टाळ्या वाजवणारं कोणी नाही. मी नाही म्हटलं, तर ते नाहीच असेल. हरिहराचा, अप्पांचा, सगळ्या ठाण्याचा राग तिच्या अंगात एकदम चढला, आणि त्यातला निम्मा स्वतःवरचा होता. ती खुर्चीत सरळ बसली.

"सर, तो अर्ज विसरा," ती म्हणाली. "त्यात लिहिलंय ते खोटं आहे. मी फार चांगली शिक्षिका आहे."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं. नूलकरांनी भिवया वर केल्या. कोणाच्या घरच्या मुलीने असं बोलावं!

"असं?" प्रोफेसर पुढे झुकले. "किती चांगली?"

"बाहेर बसलेल्यांत माझ्याहून जास्त वाचलेले असतील. माझ्याहून चांगलं शिकवणारं कोणी नसेल."

तेव्हा तेसफाये प्रथमच बोलले. "तुमच्या अर्जात एक ओळ आहे, निर्वासितांच्या छावणीची. मी ती वाचूनच तुम्हांला बोलवायला सांगितलं. तिथल्या मुलींची भाषा तुम्हांला येत होती?"

"नाही. मला सिंधी येत नव्हती, त्यांना मराठी येत नव्हती. माझं हिंदी ऐकून तर त्या हसायच्या."

"आमच्या विद्यार्थ्यांची भाषा अम्हारिक आहे. तुम्हांला तीही येत नाही. मग छावणीत कसं शिकवलंत?"

"ते सांगून कळणार नाही, दाखवावं लागेल. मला थोडा वेळ द्या. मी तुम्हां दोघांना मराठी शिकवते. इंग्रजीचा एक शब्दही बोलणार नाही."

"बाई, ही मुलाखत आहे, शाळा नव्हे," नूलकर म्हणाले.

पण प्रोफेसरांनी टाक खाली ठेवला होता. "कित्येक वर्षांत मी विद्यार्थी झालो नाही, नूलकर. होऊ द्या की."

उत्तरा उठली. पदर खोचला. नूलकरांकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाली, "साहेब, तुम्ही मध्ये उत्तरं सांगायची नाहीत हं." आणि नूलकर, खात्यातले एवढे मोठे अधिकारी, हाताची घडी घालून गप्प बसले.

तिने किटली उचलली. "चहा." दोघांकडे बोट केलं. "चहा," ते म्हणाले. किटलीला बोट लावून तिने चटका बसल्यासारखं झटकलं, फू फू केलं. "गरम. चहा गरम आहे." मग पाण्याचा गडू प्रोफेसरांच्या हातात दिला. "पाणी. पाणी गार आहे." आणि लगेच दरडावून विचारलं, "पाणी गरम आहे?" प्रोफेसर गोंधळले. तिने मान हलवून दाखवली, "नाही." "नाही," प्रोफेसर म्हणाले, "पाणी... गार आहे." "शाब्बास!" उत्तरा म्हणाली, आणि ते म्हातारे प्रोफेसर मॅट्रिकच्या पोरासारखे हरखले.

मग तिने त्यांना उठवलं, बसवलं. "उठा. बसा. दार उघडा. दार लावा." प्रोफेसर दार उघडायला गेले, तर बाहेरचे टायवाले आ वासून बघायला लागले, की आत चाललंय तरी काय! तेसफायेंना तिने पुस्तक उघडायला लावलं, मिटायला लावलं. चुकले की पुन्हा. दोघंही घामाघूम झाले, पण सोडेनात. शिकवायला लागली की उत्तराला भोवतालचं भान राहत नसे. मंगळवार विसरली, हार विसरला. समोर दोन विद्यार्थी होते आणि त्यांना अजून येत नव्हतं, एवढंच तिला दिसत होतं.

आणि मग ते झालं. तेसफायेंनी आपला कप तोंडाला लावला, तोंड वाकडं केलं, आणि कप खाली ठेवून सावकाश म्हणाले, "चहा गार आहे."

हे वाक्य तिने शिकवलेलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः जुळवलं होतं, आणि ते खरं होतं, चहा पार थंड झाला होता. तेसफायेंच्याही ते लक्षात आलं, आणि इतका वेळ न हसलेला तो माणूस तोंडभर हसला.

प्रोफेसरांना राहवेना. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, छातीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वॉटकिन्स गरम आहे!" पुढचा शब्द अडला. त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "खिडकी," उत्तराने हळूच सांगितलं. "खिडकी उघडा!" प्रोफेसर गरजले.

नूलकर उठले आणि त्यांनी खिडकी उघडली.

मग नूलकरच आधी खो खो हसत सुटले. "बाई," ते मराठीत म्हणाले, "दाढीमिशांचे पुरुष तुम्ही कसे सांभाळाल, हा प्रश्न मी मागे घेतो."

तिला बाहेर बसायला सांगितलं, पण तिचा घसा ओला व्हायच्या आत परत बोलावलं. इंग्रजीत, उभं राहून, प्रोफेसरांनी सांगितलं की अधिव्याख्याता म्हणून तिची निवड झाली आहे आणि ऑगस्टमध्ये निघायची तयारी ठेवावी. "आणि मिस टिपणीस," ते म्हणाले, "पुन्हा असा अर्ज कुठे लिहू नका." "नाही लिहिणार," उत्तरा म्हणाली. तिला "आभारी आहे" म्हणायचंही सुचलं नाही. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर ती एका अनोळखी बाईकडे बघून मनापासून हसली.

ठाण्याला ती उतरली, तर स्टेशनाबाहेर कोपरीच्या बाजूला, टांग्यांच्या रांगेशी विश्रामराव उन्हात उभे होते. तोच कोट, डोक्याला टोपी, चेहरा सुकलेला. कधीपासून उभे होते कोण जाणे. मुलीला बघून ते पुढे आले आणि काही विचारीचनात. जगातली प्रत्येक बातमी ज्यांना सगळ्यांच्या आधी हवी असायची, ते विश्रामराव नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अप्पा, घाबरलात?"

"तुझ्या गळ्यात हार पडला ना, तेव्हापासून घास उतरत नाही गं," ते म्हणाले. "मी हे काय करून बसलो! तू सांगत होतीस आणि मी..."

"अप्पा, मिळाली."

"काय?"

"नोकरी! खरोखरची! आत्ता मिळाली. मी त्यांना सांगितलं, माझ्यासारखं शिकवणारं तुम्हांला मिळणार नाही. आणि शिकवून दाखवलं!"

विश्रामरावांनी टोपी काढली, परत घातली, पुन्हा काढली. मग गर्रकन वळून पहिल्या टांग्याकडे धावले.

"मारुती! अरे मारुती, आमच्या उत्तराला नोकरी लागली!"

मारुती घोड्याला गवत घालत होता. त्याने मान वर करून पाहिलं.

"आता सांगताय होय, अप्पा? तुमचे डोंबिवलीचे पाव्हणे सत्काराला मीच सोडले नव्हते का? जुनी झाली की ती गोष्ट."

उत्तराला हसू आवरेना. आयुष्यातली सगळ्यांत मोठी लढाई ती जिंकून आली होती, आणि सगळ्या ठाण्यात ती कोणाला बातमीच नव्हती! हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, मग विश्रामरावही हसायला लागले, आणि दोघं डोळे पुसत टांग्यात बसले.

वळणावर सहदेव वाण्याचं दुकान होतं. तो तागडी सोडून बाहेर आला.

"उत्तराताई, अजून इथेच? मला वाटलं, बोट सुटली असेल."

"कशी सुटेल, सहदेवभाऊ? आज तर मिळाली नोकरी," उत्तरा टांग्यातूनच म्हणाली. "मुंबईला जाऊन मिळवली. मोठमोठे लोक आले होते, पण त्यांच्यात सगळ्यांत चांगली मीच होते."

सहदेवाचा चेहरा पडला. टांगा जरा पुढे गेल्यावर तो गिऱ्हाइकाला म्हणाला, आणि ते दोघांनाही नीट ऐकू आलं, "रविवारी केवढी नम्र होती हो पोरगी. दोन दिवसांत गर्व चढला बघा."

"मारुती, थांबव," विश्रामराव म्हणाले.

ते टांग्यात उभे राहिले, मागे वळले, आणि भर रस्त्यात, मुलीच्या तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "चढलाय, सहदेव! चढायलाच हवा! असं शिकवणारं कोणी आहे का ठाण्यात? मला तर तिच्याहून जास्त चढलाय!"

मग ते खाली बसले, मारुतीला "चल" म्हणाले, आणि घर येईपर्यंत मुलीचा हात त्यांनी सोडला नाही.